शेताच्या कडेची थडगी : अमेरिकेतील काळ्यांच्या ग्रामीण दफनभूमींचा प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, दक्षिणेकडच्या व्हर्जिनिया, जॉर्जिया, लुइझियाना, टेक्सास अशा राज्यांच्या ग्रामीण भागात, काळ्या लोकांच्या असंख्य जुन्या दफनभूमी विखुरलेल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी नाव कोरलेला एकही दगड नाही. काही गर्द झाडीत बुडाल्या आहेत, काहींवरून नांगर फिरला आहे, काही श्रीमंतांच्या वसाहतींच्या कुंपणाआड गेल्या आहेत. रस्त्यासाठी, शाळेसाठी, कारखान्यासाठी यंत्र जमिनीत शिरते, हाडे वर येतात, आणि मग ‘येथे दफनभूमी सापडली’ अशी बातमी वर्तमानपत्रांत छापून येते. हा ‘सापडली’ शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. ज्यांचे आजे-पणजे तेथे पुरले होते त्यांच्या लेखी ती कधी हरवलेली नव्हती. कागदावर ती नव्हती, एवढेच. ह्या दफनभूमी वाचवायच्या म्हणजे पडके दगड उभे करायचे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु खोलात गेले की हा प्रश्न जमिनीच्या मालकीशी आणि सरकारी दप्तराशी जाऊन भिडतो, आणि म्हणूनच आपल्या वाचकांनी त्याची माहिती करून घ्यावी असे मला वाटते.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्यांना. 1946 मध्ये डॉ. बाबासाहेबांनी द्यू बॉइस ह्या काळ्या विचारवंताला पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे काळ्यांच्या वतीने जाणाऱ्या अर्जाविषयी विचारणा केली. 1972 मधील दलित पँथरचे नाव कोठून आले हे सर्वांस ठाऊक आहे. हे नाते आपण जिवंत माणसांच्या लढ्याच्या अंगाने सांगत आलो. मेलेल्यांच्या अंगानेही ते पाहता येते. गावात कोणी मेले की परगावी सांगावा नेणे, सरणाची लाकडे पुरवणे ही कामे गावगाड्याने महारांच्या माथी मारली, प्रेतावरचे कापड हा त्यांचा ‘हक्क’ म्हणून लिहून ठेवला. आणि त्याच महाराचे प्रेत गावच्या मसणवट्यात मात्र चालत नव्हते. ओढ्याकाठी, पडीक रानात त्याने आपली माती करावी. हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचा मजकूर परका वाटणार नाही.

मळ्यावर गुलाम मेला की त्याला कोठे पुरायचे हे मालक ठरवी. कापूस, तंबाखू, ऊस, भात ज्यात पिकेल अशी जमीन गुलामाच्या प्रेतापायी अडकवायची नाही, हा साधा हिशेब. म्हणून ह्या दफनभूमी आढळतात त्या उतारावर, खडकाळ माळावर, झाडीच्या कडेला, दलदलीच्या काठी. आजही संशोधक जुन्या मळ्याचा नकाशा हाती घेतला की आधी नापीक तुकडा कोठे होता ते पाहतात. दफन पुष्कळदा रात्री होई, कारण दिवस मालकाचा होता. पाइनच्या लाकडाच्या मशाली पेटवून, गाणी म्हणत, शेजारपाजारच्या मळ्यांवरचे गुलाम जमत. आठवड्यात, महिन्यात त्यांना एकत्र येण्याची ही एखादीच संधी असे, आणि राज्यकर्त्यांना नेमकी तिचीच भीती होती. गुलामांच्या उठावाच्या कटाचा सुगावा लागल्यावर 1687 मध्ये व्हर्जिनियात गुलामांच्या सार्वजनिक अंत्यविधींना मनाई करण्यात आली. उत्तरेत, न्यूयॉर्क शहरातही, 1722 च्या नियमाने गुलामांचे दफन दिवसाउजेडीच झाले पाहिजे असे ठरले, आणि 1731 मध्ये अंत्यविधीला बारांपेक्षा अधिक गुलाम जमू नयेत अशी मर्यादा घातली गेली. एकीकडे दिवसा वेळ नाही म्हणून रात्री पुरायचे, दुसरीकडे रात्री पुरले तर गुन्हा. मेलेल्या गुलामाभोवती जमलेली माणसे हे त्या समाजाचे पहिले संघटन होते असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या थडग्यांचे रूपही समजून घेतले पाहिजे, कारण ते न समजल्यामुळेच त्यांतली कितीतरी नष्ट झाली. गोऱ्यांच्या दफनभूमीत संगमरवर असतो, लोखंडी कठडा असतो, ओळीने मांडलेल्या शिला असतात. येथे उशाला आणि पायथ्याला रानातला एकेक अनघड दगड. कोठे लाकडाची फळी, जी पन्नास वर्षांत कुजून जाते. प्रेत पूर्व-पश्चिम, डोके पश्चिमेला. कारण पुनरुत्थानाच्या दिवशी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उठायचे. खुणेसाठी झाड लावायचे : सीडर, किंवा घायपातीसारख्या टोकदार पानांचा युक्का. आपल्या सदाफुलीच्या कुळातला व्हिंका नावाचा जमिनीलगत पसरणारा सदाहरित वेल तर इतक्या ठिकाणी आढळतो की रानात अचानक त्याचा गालिचा दिसला की जाणकार माणूस पाऊल जपून टाकतो.

आणि थडग्यावर वस्तू असतात. शिंपले, काचेच्या बाटल्या, दिवे, बंद पडलेली घड्याळे, मेलेल्याने शेवटी वापरलेला पेला, बशी, औषधाची बाटली. ह्यांतली भांडी मुद्दाम फोडून ठेवलेली असतात. भांडे फोडले की साखळी तुटते आणि घरातले दुसरे माणूस मेलेल्याच्या मागोमाग जात नाही, असे जुनी माणसे सांगत. अभ्यासकांनी ह्या चालीचे धागे आफ्रिकेतील काँगो प्रदेशातील समजुतींपर्यंत नेऊन जोडले आहेत. जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील सपेलो बेटावर ‘बिहेविअर’ नावाची दफनभूमी आहे. तेथे गलाह-गीची लोक, म्हणजे किनाऱ्यावरील भातमळ्यांच्या आणि कापूसमळ्यांच्या गुलामांचे वंशज, पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे पुरत आले. तिची नोंद 1996 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. अशी नोंद फार थोड्यांच्या नशिबी आली. इतरत्र कोणी अधिकारी किंवा उत्साही स्वयंसेवक येतो, फुटक्या बशा आणि बाटल्या पाहतो, ‘केवढा हा कचरा’ म्हणतो आणि पोती भरून नेतो. त्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. पण त्याने जे उचलून नेले तोच त्या थडग्याचा शिलालेख होता.

1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. मुक्त झालेल्या लोकांनी पहिल्यांदा ज्या गोष्टी उभ्या केल्या त्यांत चर्च, शाळा आणि दफनभूमी होत्या. आठवड्याला काही सेंट वर्गणी घेऊन मेलेल्याला सन्मानाने पुरण्याची हमी देणाऱ्या मंडळ्या गावोगावी निघाल्या. संगमरवर परवडत नव्हता. ओल्या सिमेंटच्या लादीवर खिळ्याने नाव कोरले जाई. त्यांत एखादे अक्षर उलटे पडलेले असे, स्पेलिंग चुकलेले असे. ज्यांना वाचायला शिकवणे अनेक राज्यांत काल-परवापर्यंत गुन्हा होता त्यांच्या हातची ही अक्षरे आहेत. साहित्याच्या इतिहासकारांनी ती अद्याप पुरेशी वाचलेली नाहीत, असे माझे मत आहे.

मग ह्या दफनभूमी ओस का पडल्या? ‘वंशजांनी दुर्लक्ष केले’ असे उत्तर सहज दिले जाते. ते खोटे आहे, निदान अर्धवट आहे. 1910 ते 1970 ह्या काळात सुमारे साठ लाख काळी माणसे दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. झुंडीने केलेले खून, वेठबिगारीसारखी वाट्याची शेती आणि उपासमार ह्यांनी त्यांना हुसकावले. जे मागे राहिले त्यांची जमीन गेली. 1910 च्या सुमारास काळ्या शेतकऱ्यांच्या मालकीची दीड कोटी एकरांहून अधिक जमीन होती. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिच्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग हातचा गेला होता. ह्यात कायद्याची एक खुबी आहे. कोर्टावर आणि गोऱ्या वकिलावर विश्वास नसल्यामुळे पुष्कळांनी मृत्युपत्रे केली नाहीत. जमीन सर्व वारसांच्या नावे अविभक्त राहिली. मग शिकागोत वाढलेल्या एखाद्या दूरच्या वारसाचा लहानसा हिस्सा सावकाराने किंवा बांधकाम-व्यावसायिकाने विकत घ्यायचा, वाटणीचा दावा लावायचा, आणि कोर्टाकडून सगळ्या जमिनीचाच लिलाव करवून घ्यायचा. ह्याला आळा घालणारा नमुना-कायदा 2010 मध्ये तयार झाला आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तो स्वीकारला. तोवर पुष्कळ जमीन गेली होती, आणि जमिनीबरोबर तिच्या कोपऱ्यातली थडगीही.

दक्षिण कॅरोलिनातील हिल्टन हेड बेट हे ह्याचे ठळक उदाहरण. 1956 मध्ये बेटावर पूल झाला, पाठोपाठ गोल्फची मैदाने आणि कुंपणबंद वसाहती आल्या. गलाह लोकांच्या काही जुन्या दफनभूमी त्या वसाहतींच्या आत राहिल्या. आजीच्या थडग्यावर फूल वाहायचे तर आधी फाटकावरच्या पहारेकऱ्याला कारण सांगायचे! वाट अडवणे हा प्रकार आपल्याला नवा नाही. महाराष्ट्रात कितीतरी गावांत दलितांचा मसणवटा केवळ तोंडी वहिवाटीवर उभा आहे, सातबाऱ्यावर त्याचा उल्लेख नाही, आणि शेजारच्या शेतमालकाने बांध घातला की प्रेत घेऊन तहसील कचेरीकडे जाण्याची पाळी येते.

कागदाचा प्रश्न म्हणतो तो हा. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत दफनभूमीची नासधूस हा गुन्हा आहे. पण कायदा ज्ञात दफनभूमीचे रक्षण करतो, आणि कोणती ज्ञात समजायची हे नोंदीवरून ठरते. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. तिच्यात मालकाचे नाव आहे. त्याच्याखाली गुलामांचे वय, लिंग आणि रंग. नाव नाही. ह्यांतल्या बहुतेकांना सरकारी गणनेत नाव मिळाले ते 1870 मध्ये. म्हणजे त्याआधी जे मेले त्यांना कागदावर माणूस म्हणून अस्तित्वच आले नाही. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीचा नियम तर असा की दफनभूमी सामान्यतः पात्र धरायची नाही. थोर व्यक्तींची थडगी, प्राचीनता, कलाकुसर किंवा ऐतिहासिक घटनांशी संबंध असेल तरच तिचा विचार करायचा. थोर कोण आणि कलाकुसर कशाला म्हणायचे हे ठरवणारे डोळे दीर्घकाळ गोरे होते.

सरकारला थडगी सांभाळता येत नाहीत असे मात्र नाही. गुलामगिरी टिकवण्यासाठी 1861 ते 1865 लढलेल्या बंडखोर दक्षिणी सैनिकांच्या थडग्यांसाठी व्हर्जिनिया राज्य विसाव्या शतकाच्या आरंभापासून पैसा देत आले. त्याच राज्याने काळ्यांच्या ऐतिहासिक दफनभूमींसाठी तसा कायदा केला 2017 मध्ये. दर थडग्यामागे पाच डॉलर, हा दर दोघांनाही सारखा. मधले शतक मात्र कोणी भरून दिले नाही. आदिवासी अमेरिकनांचे अवशेष आणि त्यांच्या वस्तू परत करण्याविषयी 1990 मध्ये केंद्रीय कायदा झाला; काळ्यांसाठी तसा काही नव्हता. 2022 च्या डिसेंबरात काळ्यांच्या दफनभूमींच्या जतनाचा केंद्रीय कायदा संमत झाला. राष्ट्रीय उद्यान विभागामार्फत दरसाल तीस लाख डॉलरपर्यंत अनुदान देण्याची मुभा त्यात आहे. पण प्रत्यक्ष रक्कम प्रत्येक वर्षीच्या अर्थसंकल्पात मंजूर करून घ्यावी लागते. मुभा आणि पैसा ह्यांतले अंतर आपल्या घटकयोजनांच्या निधीवरून वाचकांना कळेलच.

टेक्सासमधील शुगर लँड येथील प्रकरण ह्या सगळ्याचे सार एका ठिकाणी दाखवते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत एक पळवाट आहे : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी चालेल. तिचा आधार घेऊन दक्षिणेतील राज्यांनी कैदी भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला. किरकोळ चोरी, भटकेपणा असल्या आरोपांखाली काळ्यांना पकडायचे आणि ऊसमळ्यांना, रेल्वेला, खाणींना भाड्याने द्यायचे. गुलाम मेला तर मालकाचे भांडवल बुडत असे. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळत असे. शुगर लँडच्या ऊसमळ्यांवर हे कैदी राबले आणि मेले. रेजिनाल्ड मूर हे पूर्वी तुरुंगात पहारेकरी होते. नोकरी सोडल्यावर त्यांनी हा इतिहास स्वतः कागदपत्रांतून शोधला, जवळची एक जुनी तुरुंग-दफनभूमी सांभाळली, आणि ह्या परिसरात आणखी थडगी असली पाहिजेत असे ते वर्षानुवर्षे अधिकाऱ्यांना सांगत राहिले. 2018 च्या फेब्रुवारीत तेथील शाळा-मंडळाच्या नव्या इमारतीच्या जागेवर हाडे निघाली. मोजता मोजता पंचाण्णव सांगाडे भरले. त्यांत एक स्त्री होती. वये अंदाजे चौदापासून सत्तरपर्यंत. अतिश्रमाने हाडांवर उमटलेल्या खुणा अभ्यासकांना स्पष्ट वाचता आल्या. अवशेष दुसऱ्या दफनभूमीत हलवण्याचा घाट घातला गेला, त्याला विरोध झाला, आणि 2019 च्या नोव्हेंबरात त्यांचे त्याच जागी पुन्हा दफन झाले. मूर 2020 मध्ये वारले. त्यांच्याकडे पुरातत्त्वाची पदवी नव्हती, म्हणून त्यांचे म्हणणे कोणी ऐकले नाही. आणि खोदाई करणाऱ्याने जे बाहेर काढले ते त्यांनी आधीच सांगितलेले होते.

आता जतन प्रत्यक्षात कसे करतात ते पाहू. पहिले काम कुदळीचे नसते, कानाचे असते. गावातल्या वृद्धांना विचारायचे, चर्चच्या वह्या, अंत्यविधी करणाऱ्या दुकानांची नोंदपुस्तके, विसाव्या शतकातील मृत्यूचे दाखले तपासायचे. 1936 ते 1938 ह्या काळात सरकारी लेखन-प्रकल्पाने पूर्वीच्या गुलामांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती उतरवून घेतल्या, त्यांतही पुरण्याच्या जागांचे उल्लेख मिळतात. मग हिवाळ्यात, पाने गळाल्यावर, जागेची पाहणी. शवपेटी कुजून खाली बसली की वरची माती खचते. पूर्व-पश्चिम असा माणसाच्या लांबीचा खळगा दिसला की तेथे खूण करायची. जमिनीत रडारच्या लहरी सोडून मातीतला बदल टिपणारे यंत्र वापरतात, पण झाडांच्या मुळांत आणि चिकणमातीत ते फसवते. काही जागी वरचा थर हलकेच खरवडून खड्ड्यांच्या कडांचा वेगळा रंग पाहतात आणि अवशेषांना हात न लावता पुन्हा माती टाकतात.

साफसफाईचे नियमही बरेच उलटे आहेत. सगळी झाडे उपटायची नाहीत, कारण वेल आणि सीडर हाच पुरावा असू शकतो. दगडावर तारेचा ब्रश आणि ब्लीच वापरायचे नाही. आडवा पडलेला अनघड दगड बाजूला करायचा नाही, तो उशाचा असू शकतो. जुन्या मऊ दगडाला कडक सिमेंटचा गिलावा दिला तर दगडच फुटतो. शिंपले, बाटल्या, घड्याळे जेथे आहेत तेथेच ठेवून त्यांची छायाचित्रे घ्यायची. आणि शेवटी हे सगळे मोजून, नकाशावर घेऊन, जिल्ह्याच्या जमीन-दप्तरात नोंदवायचे, जाण्यायेण्याच्या वाटेच्या हक्कासह. हा शेवटचा भाग कंटाळवाणा असतो; स्वयंसेवक तेथे गळतात. पण नोंद झाली नाही तर स्वच्छ केलेली दफनभूमीही पुढच्या खरेदीखतात नाहीशी होते.

लेखकांचाही ह्यात वाटा आहे. झोरा नील हर्स्टन ह्या कादंबरीकर्तीने 1945 मध्ये द्यू बॉइसना पत्र लिहून सुचवले होते की फ्लोरिडात शंभर एकर जमीन घेऊन काळ्या समाजातील नामवंतांची एक दफनभूमी करावी, म्हणजे त्यांची थडगी विस्मृतीत जाणार नाहीत. योजना पार पडली नाही. 1960 मध्ये हर्स्टन स्वतः दारिद्र्यात वारल्या आणि फ्लोरिडातच खुणेशिवाय पुरल्या गेल्या. 1973 मध्ये अ‍ॅलिस वॉकर गवतातून वाट काढत तेथे गेल्या, खचलेला एक खळगा हेच ते थडगे असे मानून त्यांनी त्यावर दगड बसवला. त्यानंतर हर्स्टनची पुस्तके पुन्हा वाचली जाऊ लागली. वॉकर ज्या खुणेवर विसंबल्या ती वर सांगितलेलीच आहे.

लुइझियानात मिसिसिपी नदीकाठच्या सेंट जेम्स परगण्यात एका तैवानी प्लास्टिक-उद्योगाच्या प्रचंड कारखान्याला 2018 च्या सुमारास मंजुरी मिळाली. हा पट्टा पूर्वी ऊसमळ्यांचा होता. आज तेथे रसायन-कारखान्यांची रांग आहे आणि धूर सोसणारी वस्ती मुख्यतः त्याच गुलामांच्या वंशजांची आहे. कारखान्याच्या जागेत बुएना व्हिस्ता ह्या जुन्या मळ्यावरची थडगी असल्याचे 2019 च्या अखेरीस सरकारी कागदपत्रे मागवल्यावर रहिवाशांना कळले. एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांवर दफनभूमीच्या खुणा होत्या. पुढे 2021 मध्ये अभ्यासकांनी रहिवाशांबरोबर जुनी हवाई छायाचित्रे तपासली. उसाच्या सलग शेतात मधूनच झाडांचा एखादा पुंजका दिसतो, ज्याच्याभोवतीने नांगर वळून गेलेला आहे. नांगरणाऱ्यांनी वर्षानुवर्षे तो तुकडा का सोडला, असा प्रश्न विचारून त्यांनी अशा जागांची यादी केली.

2020 च्या 19 जूनला, गुलाममुक्तीच्या स्मरणदिनी, तेथे जाऊन प्रार्थना करण्याची परवानगी रहिवाशांनी मागितली. कंपनीने नकार दिला. पुरलेले कोण होते, कोणत्या वंशाचे होते हे सिद्ध झालेले नाही, असे तिचे म्हणणे होते. प्रकरण कोर्टात गेले आणि कोर्टाने थोड्या वेळाच्या प्रार्थनेस मुभा दिली. त्या दिवशी शॅरन लव्हीन ह्या निवृत्त शिक्षिकेच्या पुढाकाराखाली लोक तेथे गेले. जागेभोवती कुंपण होते. त्यांनी फुले ठेवली, प्रार्थना म्हटली आणि दिलेल्या वेळात ते परत आले.